अधिकाचं मेहुण

विनोदिनीबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पहिल्यांदा पुढे ढकललं गेलं ते साडेतीन धोंड्यांमुळे. अधिक महिन्यात पुरण भरून, उकडून, वर तुपाची धार सोडून वाढतात ते धोंडे. चौथा त्यांनी निम्मा पानात ठेवला, तर तेवढ्यावरून, जिथे जेवायला बोलावलं होतं त्या घरच्या म्हाताऱ्या सासूबाईंचा चेहरा असा पडला, की जणू विनोदिनीबाईंनी ताटच भिरकावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगर निघाली दोनशे अडुसष्ट. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टचा कागद पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"आंटी, डेढ़ सौ के नीचे लाने को बोला था. आपने क्या खाया?"

"प्रसाद," विनोदिनीबाई म्हणाल्या. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

आता यावर कोणी म्हणेल, की बाई, सरळ नाही म्हणावं. असं म्हणणारा माणूस अधिक महिन्यात रायपूरच्या मराठी लोकांत राहिलेला नाही, एवढंच त्याला सांगता येईल. अधिकात नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे मेहुणाला, पाटावर बसवून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि पाया पडायचं, ही रीत. पुण्यानागपुरात मेहुणं पैशाला पासरी मिळतात. रायपुरात मात्र त्यांचा तुटवडा आहे. दोघंही हयात हवीत, दोघंही गावात हवीत, भर दुपारी दोघांना सवड हवी, आणि दोघांचं आपसात बोलणं चालू हवं. ही शेवटची अट वाटते तितकी सोपी नाही. ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यात, पूर्वी अशा बारा-तेरा जोड्या होत्या. कोणी मुलाकडे पुण्याला गेले, कोणी वर गेले. उरल्या चार, आणि त्यातली बिनतक्रार जोडी एकच.

बिनतक्रार असण्याचं श्रेय विनोदिनीबाईंच्या नवऱ्याचं, दिवाकररावांचं. सिंचन खात्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी "साहेब" म्हणत नव्हतं. घरात पंखा कोणत्या नंबरवर ठेवावा एवढ्याच बाबतीत त्यांचं मत विचारलं जाई, आणि तेही मानलं जात नसे. पण अधिकात धुतलेलं धोतर नेसून ते पाटावर बसले, की शिकलेसवरलेले इंजिनियर त्यांच्या पायावर डोकं ठेवत. हा मान त्यांना पुरणाइतकाच प्रिय होता. अडचण इतकीच होती, की मेहुण एकट्याने होता येत नाही.

आणि खरं सांगायचं तर विनोदिनीबाईंनाही ते अगदीच नकोसं नव्हतं. अडतीस वर्षांच्या संसारात ज्या बाईला "तुला काय वाटतं?" असं कोणी फारसं विचारलं नाही, तिची त्या दिवशी ओटी भरत, तिला लक्ष्मी म्हणत. नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील ही भीती होती, आणि हो म्हटल्यावर लोक जे म्हणत त्याची थोडी गोडीही होती. दोन्ही मिळून शुगर वाढत होती.

डोळ्यांचं म्हणाल, तर दोन्हींत मोतीबिंदू. उजव्याने निदान माणूस ओळखू येई. डाव्यापुढे मात्र कोणी ओला पंचा धरून ठेवल्यासारखं झालं होतं. त्यांना काही जग बघायचं नव्हतं. नागपूरहून दुपारी मराठी पेपर येई, त्यातलं शब्दकोडं त्या तीस वर्षं सोडवत आल्या होत्या. दिवसातला तो अर्धा तास त्यांचा स्वतःचा होता, त्यात कोणाला काही वाढायचं नसे. आता अक्षरं दिसेनात म्हणून दिवाकरराव सूचक शब्द वाचून दाखवत. "आडवे सहा. चार अक्षरं. आकाश," एवढं म्हणायचे, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर ठोकून पेनाने लिहूनही टाकायचे. सहसा चूक. मग उभ्या शब्दांचा सगळा बोजवारा. विनोदिनीबाई हसत, पण त्यांना आतून रडू येई. ऑपरेशन त्यांना हवं होतं ते या अर्ध्या तासासाठी.

पहिली तारीख हुकल्याची बातमी पाऱ्यात पसरायला एक सकाळ पुरली. मग सल्ल्यांना ऊत आला. समोरच्या रीना दीदींनी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. मंदिराजवळच्या माया काकूंनी रात्रभर भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी सांगितलं. कोणी कारल्याचा रस, कोणी कडुनिंबाचा कोवळा पाला. गंमत अशी, की प्रत्येक औषधासोबत एक आमंत्रण येई.

"मेथीचं पाणी रोज घ्या हो," माया काकू म्हणाल्या, "आन् बुधवारी आमच्याकडे या दोघं. पुरण आहे."

विनोदिनीबाईंनी बुधवारी सकाळी मेथीचं पाणी घेतलं आणि दुपारी पुरण घेतलं. दोघांचं पोटात काय बोलणं झालं कोण जाणे, पण संध्याकाळी त्यांना घेरी आली.

त्यांची मुलगी अनुश्री हैदराबादला असते. तिला मराठी सगळं कळतं, पण ती बोलते हिंदीत. तिने फोनवर फैलावर घेतलं.

"आई, सीधे ना बोलो ना! 'नहीं' बोल दिया, बात खतम."

"बात कशी खतम होईल बाई? बोलणं संपलं तरी समोरचा माणूस तिथंच उभा राहते न."

"तो खड़ा रहने दो!"

हा उपाय विनोदिनीबाईंनी आरशासमोर करून पाहिला. आरशातली बाई गप उभी राहिली, आणि मग विनोदिनीबाईंनाच तिची दया आली.

तरी एकदा त्यांनी जीव एकवटून शर्मिष्ठाबाईंना सांगायचं ठरवलं. मेहुणांची यादी शर्मिष्ठाबाईंच्या ताब्यात असे. कोणत्या घरी कोणती जोडी जाणार, हे त्या एका जुन्या डायरीतून ठरवत, आणि त्यांच्यावर अपील नसे. दोन घरं सोडून राहत, तरुणपणापासूनची मैत्रीण. विनोदिनीबाई गेल्या, चहा घेतला, बिनसाखरेचा मागितला, साखरेचा आला, प्यायला, आणि म्हणाल्या, "शर्मिष्ठा, या वर्षी माझ्याच्यानं होऊन नाही राहिलं बघ."

शर्मिष्ठाबाईंनी डायरी मिटली. त्यांचे यजमान बाबाराव गेल्या माघात गेले होते. तोवर यादीतली पहिली जोडी त्यांचीच असे.

"तुले बोलावतात तं तू कंटाळून राहिली," त्या म्हणाल्या. "मले आता कोण बसवते पाटावर? यादी करा म्हणून बोलावतात, जेवणाच्या वेळी आत नाही बोलावत. तुझं कुंकू शाबूत आहे तं जा न बापा. बसायले कोणी नाही म्हणत नाही तोवर बसून घे."

विनोदिनीबाईंनी मैत्रिणीचा हात हातात घेतला, आणि परतताना पुढच्या दोन मेहुणांच्या तारखा घेऊन आल्या.

दुसरी तारीख शुगरमुळे नाही, कार्डामुळे गेली. ऑपरेशन सरकारी आरोग्य कार्डावर व्हायचं होतं, आणि कार्ड पुन्हा चालू करायला बोटाचा ठसा लागत होता. नवतप्यातलं, त्या नऊ होरपळत्या दिवसांतलं ऊन, पंडरी बाजाराच्या बाजूला एक ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, त्यात एक पंखा, आणि तोही दुकानदाराकडे वळवलेला. विनोदिनीबाईंनी दहाच्या दहा बोटं लावून पाहिली. जन्मभर भांडी घासलेली बोटं, त्यांवर रेषा शिल्लक असतील तर ना!

"अंगूठा नहीं ले रहा," दुकानदार म्हणाला. "आंख से हो जाएगा. आंटी, इसमें देखिए."

यंत्र डोळ्यापुढे धरलं. यंत्राने बराच विचार केला आणि लाल दिवा लावला. दुसऱ्या डोळ्याला धरलं, पुन्हा लाल.

"मोतियाबिंद है क्या?"

"हव," दिवाकरराव अभिमानाने म्हणाले, जणू तो त्यांनीच मिळवून दिला होता. "दोनों आंखों में."

"तो नहीं लेगा अंकल. पहले ऑपरेशन करवा लीजिए, फिर आइए."

"अरे भैया, ऑपरेशन के लिए ही तो कार्ड चाहिए!"

"वो तो ठीक है," दुकानदार शांतपणे म्हणाला. "लेकिन मशीन को दिखना चाहिए ना."

सिंचन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला या उत्तराचा राग येऊ नये, कारण अशी उत्तरं त्याने स्वतः कितीदा दिलेली असतात. तरी दिवाकररावांना आला. त्यांनी आपण निवृत्त अधीक्षक असल्याचं सांगितलं. दुकानदाराने त्यांना पाणी विचारलं. आठ दिवस खेपा झाल्या. एका अर्जाला दुसरा अर्ज जोडून, फोटोला सही आणि सहीला साक्षीदार देऊन कार्ड अखेर चालू झालं. पण तोवर तारीख गेली होती, आणि नवी मिळाली अधिकाच्या शेवटच्या आठवड्यातली. म्हणजे मधे आणखी मेहुणं.

त्यांतलं पौर्णिमेचं... म्हणजे तिथीचं नव्हे, पूर्णिमा नावाच्या मुलीचं मेहुण दिवाकरराव शेवटपर्यंत विसरणार नाहीत. पूर्णिमा नव्या फ्लॅटमध्ये राहणारी, नोकरी करणारी, भाबडी मुलगी. तिची सासू अमरावतीला. सुनेने काही चुकवू नये म्हणून सासूबाई व्हिडिओ कॉलवर हजर होत्या. फोन तांब्याला टेकवून पाटांच्या समोरच मांडला होता, त्यामुळे देव एका बाजूला आणि सासूबाई मधोमध असं दृश्य होतं.

या खेपेला दिवाकररावांनी बायकोसाठी तोड काढली होती. ती पुढल्या तारखेला पास व्हायलाच हवी, हे त्यांनाही पटलं होतं. फक्त आमंत्रण नाकारणं पटलं नव्हतं. "तू बस फक्त," ते रिक्षात म्हणाले होते. "पान वाढू दे. कोणी पाहत नसलं की तुझे धोंडे मी उचलतो. पान बी साफ, शुगर बी साफ."

पूर्णिमा स्वयंपाकघरात वळली, की त्यांचा डावा हात हळूच बायकोच्या पानात जाई. एक धोंडा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तांब्याजवळून आवाज आला.

"अगं पूर्णिमा! ते बायकोच्या पानातलं खाऊन राहिले वो! डाव्या हातानं! वाढलं नाही काय तू त्यांले? उपाशी ठेवलं मेहुणाले?"

पूर्णिमा धावत आली. दिवाकररावांचा हात हवेत, हातात धोंडा, तुपाची धार मनगटावरून कोपराकडे निघालेली. निवृत्त अधीक्षक इतका उघडा कधी पडला नव्हता. पूर्णिमेचे डोळे भरले. तिने त्यांना चार धोंडे वाढले. मग रिकामं पान बघून विनोदिनीबाईंनाही चार वाढले.

"काकू, राग नका मानू," ती हुंदका दाबत म्हणाली. "माझं पहिलंच अधिक आहे."

विनोदिनीबाईंनी त्या पोरीकडे पाहिलं. स्पष्ट दिसत नव्हती, पण रडते आहे हे कळत होतं. सांगता आलं असतं. बाळा, मला मधुमेह आहे, माझा डोळा चालला आहे, एवढंच वाक्य होतं. त्यांनी ते मनात नीट जुळवलं, आणि मग पहिला धोंडा तोंडात घातला. चार खाल्ले. घरी येताना रिक्षात मांडीवर तेहतीस अनारसे होते.

तिसऱ्या तारखेला कार्ड होतं, शुगर दोनशे एकेचाळीस होती. डॉक्टरीणबाई या वेळी रागावल्या नाहीत, आणि त्यामुळेच विनोदिनीबाईंना धसका बसला. मोतीबिंदूतून डोळ्याचा मागचा भाग दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी करून बघू, असं त्या म्हणाल्या. पोटाची सोनोग्राफी ऐकली होती, डोळ्याचीही असते हे दिवाकररावांना नवीन होतं. बाहेर बाकावर बसून त्यांनी शेजारच्या माणसाला ते दोनदा सांगितलं.

मग दोघांना आत बोलावलं.

"आंटी, बाईं आंख का परदा खिंच गया है, पीछे खून है," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "मोतियाबिंद निकाल भी दूं तो इस आंख में रोशनी नहीं आएगी. दाहिनी में लेज़र लगेगा. वो बच सकती है, अगर शुगर आज से काबू में रही."

"या महिन्यातल्या खाण्यानं झालं का?" दिवाकररावांनी विचारलं. त्यांचा आवाज ऑफिसातला नव्हता.

डॉक्टरीणबाईंना मराठी थोडं समजायचं. "एक महीने में नहीं होता अंकल. ये बरसों का है."

बरसों का. विनोदिनीबाई रस्ताभर तेवढंच मोजत राहिल्या. किती श्रावण, किती महालक्ष्म्या, किती बारशी, किती डोहाळजेवणं. कोणाच्या हळदीकुंकवाला "एवढा एक तरी" म्हणून घेतलेले लाडू. पोट भरलेलं असताना, ताप असताना, एकदा तर स्वतःची आई आजारी असल्याचा फोन आलेला असताना, आधी पान संपवून मग त्या स्टेशनावर गेल्या होत्या. त्यातल्या एकाही यजमानणीचं नाव आज त्यांना धड आठवेना. रडायला हवं होतं, पण ऊन फार होतं आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

घरी दिवाकररावांनी पहिल्यांदाच, न सांगता, स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायचा प्रयत्न केला. ती भाकरी तव्यावर नीट पोचलीच नाही. जी काही पोचली, ती त्यांनी दुधात कुस्करून बायकोपुढे ठेवली आणि म्हणाले, "मी हावरा माणूस आहे गं." बाईंनी भाकरी खाल्ली. खोटं कशाला सांगा, त्या वेळी त्यांना नवऱ्याचा रागही आला होता आणि त्याची कीवही.

दोन दिवसांनी शर्मिष्ठाबाईंचा फोन आला. अमावास्येला अधिक संपत होता. त्या दिवशी पाच घरांनी मिळून जेवण ठरवलं होतं, आणि पहिलं मेहुण अर्थातच हे दोघं. दिवाकरराव दारातूनच खुणा करू लागले, फोन माझ्याकडे दे, मी सांगतो म्हणून. चौतीस वर्षं त्यांनी कोणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं, सगळे नकार कागदावर. विनोदिनीबाईंनी मान हलवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शर्मिष्ठा, मी येत नाही."

"काहून? बरं नाही का?"

"बरं नाहीच. पण म्हणून नाही सांगून राहिली. मेहुण म्हणून मी आता कोणाकडेच जाणार नाही. या वर्षी नाही, पुढे बी नाही."

आता रडणं येईल, आता बाबारावांचं नाव निघेल, आता चाळीस वर्षांची मैत्री एका वाक्यात मोडेल, म्हणून विनोदिनीबाईंनी भिंत धरली. पलीकडून डायरीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"बरं," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "मग बीरगावच्या मीराले सांगते. थे पोट्टी गेल्या अधिकापासून मागे लागून राहिली, काकू आम्हाले बी बसवा एखाद्या वेळी म्हणून. तिचा नवरा कारखान्यातून सुट्टी घेतो म्हणे. तू कधी नाही म्हटलंच नाही, म्हणून तिचा नंबर नाही लागला. बरं ठेवते, पीठ दळून आणाचं आहे अनारशाचं. डोळा जप हो."

फोन बंद झाला.

"रागावली?" दिवाकररावांनी विचारलं.

"नाही."

"रडली?"

"नाही."

"मग म्हणाली काय?"

"बरं म्हणाली."

विनोदिनीबाई पलंगाच्या काठावर बसल्या. दिवाकररावांना वाटलं, सुटली बिचारी, आता हसेल. तेही शेजारी टेकले. पण बाईंच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज निघाला, आणि मग त्या रडू लागल्या. दवाखान्यात आलं नव्हतं, रिक्षात आलं नव्हतं, ते सगळं रडू आलं. दिवाकररावांनी त्यांना असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं, सासऱ्यांच्या मरणातसुद्धा नाही.

"एवढंच होतं हो," त्या म्हणत होत्या. "मी जन्मभर भेली याले. एक मिनिट बी नाही लागलं. एवढंच होतं."

दिवाकररावांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. तो बाईंना दिसला नाही. त्या समोर भिंतीकडे बघत रडतच राहिल्या. तेव्हा दिवाकररावांच्या लक्षात आलं, की आपण बायकोच्या डाव्या बाजूला बसलो आहोत. ते उठले, पलंगाला वळसा घालून गेले आणि उजव्या बाजूला येऊन बसले.